‘तुम्ही टॅक्स कुठला भरता?’

एका महापालिका शहरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि घरूनच पोळी-भाजीचे डबे देतात. यजमान वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. दोघांचं मिळून महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास पडतात. गल्लीतलं गटार दर पावसाळ्यात तुंबतं, दोन पथदिवे कित्येक महिने बंद आहेत. हे सांगायला त्या नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात गेल्या. साहेब नव्हते. तिथला कार्यकर्ता म्हणाला, ‘तुम्ही भाडेकरू ना? घरपट्टी मालक भरतो, इन्कम टॅक्स तुम्हाला नाही. तुम्ही टॅक्स कुठला भरता? भरणाऱ्यांची कामं आधी होणार.’ बाकड्यावर बसलेले चारजण हसले. त्याच आठवड्यात त्या कणीक मळायचं यंत्र बघायला गेल्या. दुकानदारानं पक्क्या बिलाचे २३,६०० सांगितले आणि कच्च्याचे २०,५००. यजमानांचं म्हणणं, आपल्याला करदाते म्हणून कुणी मोजतच नसेल तर सरकारला तीन-साडेतीन हजार द्यायचे कशाला? ताई विचारतात : आम्हाला जाब विचारायचा हक्क आहे की नाही? कच्च्या बिलावर यंत्र घेतलं तर चुकलं का? आणि ‘माणूस वाईट नाही, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आला होता, पण नऊ वर्षांत काम शून्य’ अशा नगरसेवकाला धडा कसा शिकवायचा?

ताई,

तुमच्या पत्रात राग आहे आणि तो योग्यच आहे. पण तीन वेगवेगळे राग एकाच पिशवीत भरले गेलेत. एक जीएसटीवरचा, एक त्या कार्यकर्त्यावरचा आणि एक नगरसेवकावरचा. ते सुटे करून बघू.

आधी त्या कार्यकर्त्याचं. ‘टॅक्स भरत नाही’ हे त्याचं म्हणणंच खोटं आहे. अंगाचा साबण ४० रुपयांना घेतलात तर त्यातला जवळजवळ १ रुपया ९० पैसे कर असतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी साबणावर १८ टक्के होता, तेव्हा त्याच ४० रुपयांत सहा रुपयांच्या वर कर होता. तेल, साखर, चहा, हळद-तिखटाची पुडी यांवर ५ टक्के. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के. आणि तुम्ही धंद्यासाठी जो व्यावसायिक सिलिंडर वापरता, त्यावरही १८ टक्के. म्हणजे सिलिंडरला मोजलेल्या प्रत्येक ११८ रुपयांतले १८ कराचे. घरगुती सिलिंडरवर हाच दर ५ आहे. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीत नाहीच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो, आणि भाजीच्या टेम्पोतून तोही तुमच्या ओट्यावर येतो.

इथे एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती तुमच्यासारख्या हजारो घरगुती व्यवसायांना लागू आहे. मोठा कारखानदार यंत्र घेतो तेव्हा त्यावर भरलेला जीएसटी त्याला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत, त्यामुळे नोंदणी करायची गरज नाही. ती सवलत खरीच, पण नोंदणी नाही म्हणून ही वजावटही नाही. यंत्रावर, सिलिंडरवर, डब्यांच्या फॉइलवर भरलेला कर तुमच्याकडेच अडकतो. मग तो एक तर डब्याच्या दरात चढतो, नाही तर तुमच्या मजुरीतून जातो. गिऱ्हाइकं दर वाढवू देत नाहीत असं तुम्ही लिहिलंच आहे, तेव्हा तो कुठून जातो हे सांगायला नको.

राहिली घरपट्टी. मालक ती भरतो म्हणजे पावती त्याच्या नावानं फाटते. पैसे कुठून येतात? तुमच्या भाड्यातून. कधी मालकाकडून ते बिल मागून बघा, वाचण्यासारखं असतं. सर्वसाधारण कर, मलनिस्सारण कर, वृक्षकर अशी रांग असते, शिवाय शिक्षण कर असतो, जो महापालिका गोळा करते पण जमा होतो राज्याकडे.

इन्कम टॅक्सच्या टोमण्याचं तर हसूच आलं. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. बाकड्यावर हसणाऱ्या चौघांपैकी किती जण तो भरत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

तरीही, ताई, तुम्ही त्याला ‘मी पण टॅक्स भरते’ असं उत्तर द्यावं असं मला वाटत नाही. ते खरं आहे, पण त्या उत्तरानं त्याचा नियम आपण मान्य करतो. जो जास्त भरेल त्याचं गटार आधी, असा त्याचा नियम. हा नियम या देशात एकेकाळी होताच. ब्रिटिश काळात मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेला होता. १९३५ च्या कायद्यानंसुद्धा तो सगळ्या प्रौढांना दिला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली ती याच अटींविरुद्ध. राज्यघटनेनं त्या अटी पुसून टाकल्या. एक रुपयाही कर न भरणारी, धुणीभांडी करणारी विधवा आणि शहरातला सगळ्यात मोठा बिल्डर यांचं नगरसेवकावर सारखंच वजन असावं, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात तसं नसतं, हे मलाही दिसतं. पण निदान आपण तरी उलटा नियम तोंडी घेऊ नये.

त्यापेक्षा एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा आहे. तुमचं नाव या प्रभागाच्या मतदार यादीत आहे का? तुम्ही लिहिलंय की मूळ गाव दोन तालुके पलीकडे आहे आणि ‘मतदानाला गावी जातो’. भाडेकरूंची नावं गावाकडे राहतात, हे नगरसेवकाच्या कार्यालयाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या यादीत गल्लीतली प्रत्येक खोली असते. टॅक्सचा टोमणा वरवरचा असतो, आतला हिशेब मतांचा असतो. पत्ता बदलून नाव इकडे आणायला नमुना ८ भरावा लागतो, तो ऑनलाइनही भरता येतो. गावच्या ग्रामपंचायतीतलं मत सुटतं, भावकीत बोलणी बसतात, हे मान्य. पण वर्षाचे साडेअकरा महिने जिथलं गटार तुंबतं, मत तिथेच असलेलं बरं.

आता कराच्या न्यायाचं. ‘गरिबाकडून पण तेवढाच आणि श्रीमंताकडून पण तेवढाच, हा कुठला न्याय?’ असं तुम्ही विचारलंय. तक्रार जुनी आहे आणि बरोबर आहे. तुमची सगळी कमाई महिन्याभरात खर्च होते, त्यामुळे कमाईच्या जवळजवळ प्रत्येक रुपयाला खरेदीवरचा कर शिवतो. दोन लाख मिळवणारं कुटुंब त्यातले लाखभर म्युच्युअल फंडात टाकतं, त्या लाखाला हा कर लागत नाही. खरेदीवरच्या करात हे व्यंग जन्मजातच आहे.

पण आपल्याकडे ते थोडं दुरुस्त करायचा प्रयत्नही आहे, तोही पाहायला हवा. सुटं धान्य, भाजी, दूध, मीठ यांवर कर नाही. सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये आल्या आणि मोठ्या गाड्या, शीतपेयं यांना ४० लागला. मुलांच्या वह्या करमुक्त झाल्या. काही नियम मात्र अजूनही चक्रावून टाकतात. जुलै २०२२ पासून शिक्का आणि लेबल असलेल्या २५ किलोंपर्यंतच्या कणकेच्या पिशवीवर ५ टक्के आहे, सुटा गहू घेतला तर धान्यावर काही नाही. तुम्ही पॅकिंगची कणीक वापरत असाल तर डब्यांच्या प्रमाणात हा फरक एकदा मांडून बघा. दळणाचा वेळ आणि गिरणीचा खर्च धरूनही कदाचित सुटा गहूच परवडेल.

माझं मत विचाराल तर पूर्वीपेक्षा बरं, पण अजून कलतंच आहे. आणि हे दर कोण ठरवतं? जीएसटी परिषद. केंद्रीय अर्थमंत्री अध्यक्ष, सगळ्या राज्यांचे मंत्री सदस्य. मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राकडे, दोन तृतीयांश राज्यांकडे. तुमच्या नगरसेवकाला तिथे दारातूनही आत जाता येत नाही. म्हणून कराचा राग त्याच्यावर काढून उपयोग नाही. त्यासाठी आमदार-खासदार आहेत. व्यावसायिक सिलिंडरवरच्या १८ टक्क्यांबद्दल तुमच्या भागातल्या डबेवाल्या बायकांनी मिळून आमदाराला निवेदन दिलं, तर तो पत्ता बरोबर होईल.

मग नगरसेवकाचा आणि विक्रीवरच्या कराचा काहीच संबंध नाही? पूर्वी होता. शहराच्या नाक्यावर जकात घेतली जायची, ती थेट महापालिकेच्या तिजोरीत. नंतर तिच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध २०१३ मध्ये बंद केले होते, ते तुम्हाला आठवत असतील. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. मुंबईची जकात जून २०१७ च्या अखेरीपर्यंत टिकली, मग जीएसटीनं सगळंच गिळलं. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देतं. त्यासाठी २०१७ चा कायदा आहे आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे.

जकात वाईटच होती. नाक्यावरच्या रांगा, चिरीमिरी, ट्रकवाल्यांचे हाल, तिचं कौतुक कुणी करू नये. पण एक गोष्ट झाली. पूर्वी शहरात माल आला, बाजार चालला, तर पालिकेकडे पैसा यायचा. आता पालिकेकडे स्वतःचं म्हणण्यासारखं उरलं ते मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकामांचं विकास शुल्क. बाकीचा मोठा पैसा मुंबईहून येतो, भरपाई म्हणून, अनुदान म्हणून, नाही तर ‘आमदारसाहेबांच्या प्रयत्नांतून’ अशी पाटी लावून. ज्याच्या हातात पैसा, त्याच्याकडे नगरसेवकाचं तोंड. तुमच्या गल्लीकडे पाठ का, याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते माणूस बदलून जात नाही.

‘नऊ वर्षांत काम शून्य’ हेही एकदा तपासू. तुमचे नगरसेवक २०१७ ला निवडून आले, पुन्हा जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात काय होतं? तुमच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ ला संपली. राज्यघटना सांगते की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात सगळं अडकलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान धरला, तेव्हा कुठे डिसेंबरात नगरपरिषदांच्या आणि जानेवारीत २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. म्हणजे जवळपास चार वर्षं तुमच्या शहरात नगरसेवकच नव्हता. सरकारनं नेमलेला प्रशासक होता, अंदाजपत्रक तोच मांडायचा आणि तोच मंजूर करायचा. त्या काळातलं गटार या माणसाच्या खात्यावर टाकता येणार नाही. पहिल्या पाच वर्षांचं मात्र जरूर टाका.

आणखी एक. तुम्ही ‘आमचे नगरसेवक’ म्हणून एकाचंच लिहिलंय. मुंबईत एका प्रभागाला एकच असतो. तुमच्यासारख्या महापालिकांत एका प्रभागातून बहुधा चारजण निवडून येतात. बाकीच्या तिघांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? त्यांत महिला असणारच, निम्म्या जागा राखीव असतात. बरेचदा त्या ताईंचा फोन त्यांचे यजमान उचलतात. तसं झालं तर ‘मला मॅडमशीच बोलायचंय’ असं ठामपणे सांगा. चारजण असले की प्रत्येकजण ‘तो भाग त्यांच्याकडे’ म्हणून हात वर करतो. यावर साधा उपाय म्हणजे पत्र एकच, वर नावं चौघांची, आणि पोच चौघांकडून वेगवेगळी घ्यायची.

आता थोडं आपल्याकडे बघू, रागावू नका. ‘माणूस वाईट नाही, साखरपुड्याला आला होता.’ आपण नगरसेवकाकडे मागतो काय? ॲडमिशनची चिठ्ठी, हॉस्पिटलात खाट, पोलीस चौकीत एक फोन, मंडळाला वर्गणी. तो ते देतो आणि आपण त्याला चांगला म्हणतो. दिवाबत्ती दुरुस्त करणं हे तर त्याचं काम नाहीच, ते विद्युत विभागाच्या कर्मचाऱ्यांचं आहे आणि त्यांच्यावर हुकूम आयुक्तांचा चालतो. नगरसेवकाचं खरं काम सर्वसाधारण सभेत आहे. अंदाजपत्रकात तुमच्या गटाराच्या लाइनला तरतूद मागणं, ठेका कुणाला आणि का दिला ते विचारणं, काम न करणाऱ्या खात्याला सभेत उभं करणं. तो सभेत किती वेळा बोलला, हे आपण कधी विचारलंय? मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था नगरसेवकांची हजेरी, त्यांनी विचारलेले प्रश्न असं सगळं मांडून प्रगतिपुस्तक काढत आली आहे. लहान शहरांत असं कुणी करत नाही, पण कच्चा माल सगळीकडे असतो. सभेचं इतिवृत्त आणि प्रभागातल्या कामांची यादी ही पालिकेची कागदपत्रं आहेत, कुणाची खाजगी डायरी नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. गटार आणि दिव्यांची तक्रार आधी क्षेत्रीय कार्यालयात किंवा पालिकेच्या ॲपवर करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मुदत उलटली की पुन्हा करा. असे दोन-तीन क्रमांक हातात आले की मग नगरसेवकांकडे जा. जाताना एकट्या जाऊ नका, बचत गटाच्या आठ-दहा जणी बरोबर घ्या. ‘दिवा लावून द्या’ म्हणू नका. ‘या तक्रारींवर काही झालं नाही, तुम्ही येत्या सभेत हा प्रश्न विचारणार का?’ एवढंच विचारा. विनवणीला तो वाट बघायला लावतो, या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तुमच्याकडे तशी सोय आहे का, तेही त्याच बैठकीत विचारा.

यंत्राचं. कच्चं बिल घेऊन नगरसेवकाला धडा मिळत नाही, त्याला कळतसुद्धा नाही. आकडे बघा. २०,००० चं यंत्र, त्यावर १८ टक्के म्हणजे ३,६००. तुम्हाला सूट मिळते ३,१००. उरलेले ५०० दुकानदाराचे. तुमची गॅरंटी गेली, मोटार जळली तर ग्राहक आयोगात दाखवायला कागद नाही आणि उद्या मुद्रा कर्ज किंवा विमा हवा असेल तर यंत्र तुमचं आहे याचा पुरावा नाही. करातले निम्मे राज्याचे असतात, आणि पालिकांना भरपाई जाते ती त्याच तिजोरीतून. तुमच्या ३,६०० नं गटार बांधलं जाईल असं मी म्हणणार नाही, तो भाबडेपणा होईल. पण ‘सरकारला का द्यायचे’ या रागात आपण ते दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात घालतोय, हे यजमानांना दाखवा. ओढाताणीत तीन हजार म्हणजे काय, ते मला कळतं. म्हणून सांगते, पक्क्या बिलावर घासाघीस करायची नाही असा नियम कुठेही नाही. मूळ किंमत १८,५०० वर आली तर करासह २१,८३० होतात. दोन दुकानं फिरा.

बिल घेताना जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या (म्हणजे उलाढालीवर ठराविक दरानं स्वतःच कर भरणाऱ्या छोट्या) दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. कंपोझिशनवाल्याला तशी पाटीही लावावी लागते. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर आणखी जीएसटी लावला तर तो गैरप्रकार आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

शेवटी, माहिती अधिकाराचा एक मसुदा देते. बाकीच्या वाचकांनीही आपापला प्रभाग घालून वापरावा. जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, विषय एकच ठेवून, १५० शब्दांच्या आत लिहायचं : ‘प्रभाग क्रमांक अमुक मध्ये गेल्या दोन आर्थिक वर्षांत गटार व पथदिव्यांच्या कोणत्या कामांवर किती खर्च झाला, त्यांची यादी, ठेकेदारांची नावे व काम पूर्ण झाल्याच्या तारखा यांच्या प्रती मिळाव्यात.’ त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नको, कार्डाची प्रत जोडा. अर्ज महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा. उत्तर आलं की त्या यादीत तुमची गल्ली शोधा. ‘काम पूर्ण’ म्हणून ती सापडली, तर यादीची झेरॉक्स घेऊन त्याच संपर्क कार्यालयात जा आणि तो कार्यकर्ता पुढे आला तरी कागद साहेबांच्याच हातात द्या.